‘व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ असं लिहिलं की जबाबदारी संपते का?

वॉटरपार्कच्या तिकीट खिडकीशेजारी, गो-कार्टच्या कुंपणावर, जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या खांबाला टांगलेल्या पत्र्यावर एक ओळ हमखास असते: ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश करावा. अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ बहुतेक लोक ती वाचतात आणि मनातल्या मनात मान्यही करून टाकतात. पुढे खरंच काही घडलं, तर ‘पाटी तर लावलेली होती’, ‘आपणच सही केली होती’ असं म्हणून कित्येक कुटुंबं तक्रारीच्या वाटेलाच जात नाहीत. दवाखान्याचं बिल भरतात आणि गप्प बसतात.

ते गप्प बसणं चुकीच्या समजुतीतून येतं, म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो. त्या ओळीला कायद्यात लोकांना वाटतं तेवढं वजन नाही. उलट त्याच भिंतीवरच्या ज्या पाट्यांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्यांना मात्र बरंच वजन आहे.

माहिती देणारी पाटी आणि हात झटकणारी पाटी

पार्कमध्ये पाट्या खूप असतात, पण कायद्याच्या नजरेतून त्यांचे दोनच प्रकार पडतात.

पहिला प्रकार माहिती देतो. अमुक उंचीपेक्षा लहान मुलांना या राइडवर प्रवेश नाही. हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी बसू नये. ओढणी, स्कार्फ काढून ठेवा. घसरगुंडीवरून उताणं झोपूनच या, डोकं पुढे करू नका. या प्रत्येक सूचनेमागे कारण असतं. मांडीवर येणारा दांडा मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडावर टेकतो. बुटक्या मुलाच्या बाबतीत तो पोटावर येतो किंवा मध्ये फट राहते, आणि वळणावर मूल त्यातून निसटू शकतं. गरोदरपणात अचानक बसलेल्या हिसक्यानं वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटण्याचा धोका असतो. हे सगळं तिकीट काढून आलेल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. राइड बनवणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून ते सांगणं हे त्यांचं काम आहे.

दुसरा प्रकार काहीच सांगत नाही, फक्त हात झटकतो. ‘जबाबदार राहणार नाही.’ कशाला जबाबदार नाही? बोल्ट सैल राहिला तर? जीवरक्षक जागेवर नसला तर? तिथं काही लिहिलेलं नसतं, कारण ती ओळ तुम्हाला सावध करण्यासाठी लिहिलेलीच नसते. तुमचा हक्क काढून घेण्यासाठी ती लिहिलेली असते.

पहिली पाटी लावणं म्हणजे पार्कनं आपलं कर्तव्य पार पाडणं. दुसरी लावणं म्हणजे ‘आम्हाला कर्तव्यच नाही’ असं एकतर्फी जाहीर करणं. न्यायालय या दोघींना एका मापानं मोजत नाही.

तिकीट काढताच तुमच्यात आणि पार्कमध्ये करार झालेला असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४२) मध्ये ‘सेवा’ या संज्ञेची व्याख्या आहे. त्यात बँक, विमा, वीज, वाहतूक यांच्याबरोबर करमणूक आणि मनोरंजनाच्या सोयीही स्पष्ट शब्दांत येतात. त्यामुळे राइडवर बसलेला माणूस ‘ग्राहक’ आहे की नाही, हा वादच उरत नाही. वडिलांनी तिकीट काढलं आणि मुलगी बसली, तर मुलगीही ग्राहकच, कारण पैसे भरणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणाराही त्या कायद्यात ग्राहक धरला जातो. शिवाय करार बाजूला ठेवला तरी एक जुनं तत्त्व शिल्लक राहतं: पैसे घेऊन लोकांना आपल्या जागेत बोलावणाऱ्यानं ती जागा वाजवी काळजी घेऊन सुरक्षित ठेवली पाहिजे.

सही केली असली तरी

‘मालकाच्या जोखमीवर’ या शब्दांची सर्वोच्च न्यायालयात चांगली कसोटी लागली ती पार्किंगच्या प्रकरणात. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं आपली गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिली. मिळालेल्या पावतीवर छापलं होतं की गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवली आहे. गाडी चोरीला गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हॉटेलच्या किंवा त्याच्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर पावतीवरच्या अशा ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही. आपल्या ताब्यात दिलेल्या गाडीची पुरेशी काळजी घेतली होती, हेही हॉटेलनंच दाखवायचं.

हा खटला गाडीचा होता, माणसाचा नव्हता, आणि ताब्यात दिलेल्या वस्तूचे नियम वेगळे असतात हे खरं. पण गाडीच्या बाबतीत जी ओळ तग धरू शकली नाही, ती माणसाच्या पायाच्या किंवा प्राणाच्या बाबतीत तग धरेल असा युक्तिवाद करणं पार्कला सोपं जाणार नाही. ब्रिटनमध्ये हा प्रश्न न्यायाधीशांवरही सोडलेला नाही. तिथल्या १९७७ च्या कायद्यानं व्यवसायांना थेट बजावलं की निष्काळजीपणामुळे मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली, तर त्याची जबाबदारी कोणत्याही करारानं वा सूचनाफलकानं टाळता येणार नाही. आपल्याकडे इतकं सरळ वाक्य कायद्यात नाही. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण मग प्रत्येक कुटुंबाला तोच मुद्दा नव्यानं भांडत बसावं लागणार नाही.

तरी आपल्या हाती साधनं आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार निरर्थक ठरवतं. १९८६ साली, ब्रजोनाथ गांगुली यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाचा आधार घेऊन सांगितलं की ज्याच्याकडे सगळी ताकद आहे अशा पक्षानं दुबळ्या पक्षावर लादलेल्या अन्यायकारक अटी न्यायालय राबवणार नाही. ‘सही करा, नाहीतर रांगेतून बाहेर व्हा’ या प्रकारात घासाघीस करायला जागाच कुठं असते? त्यात २०१९ च्या ग्राहक कायद्यानं कलम २(४६) मध्ये ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र कल्पना आणली. ग्राहकाच्या हक्कांवर मोठा परिणाम करणारी, त्याला गैरसोयीत टाकणारी अवास्तव अट त्यात बसते, आणि राज्य ग्राहक आयोग ती अट रद्दबातल ठरवू शकतो.

२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागली आणि लहान मुलांसह २७ जणांचा जीव गेला. तिथं आत जाण्यापूर्वी लोकांकडून इजा किंवा मृत्यूबद्दल व्यवस्थापनाला जबाबदार न धरण्याचा फॉर्म भरून घेतला जात होता, हे तेव्हाच्या बातम्यांतून समोर आलं. त्याच जागेला अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि ही प्रथमदर्शनी मानवनिर्मित आपत्ती असल्याचं म्हटलं. सदोष मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झाले, मालक-चालकांना अटक झाली, महापालिकेचे अधिकारीही सुटले नाहीत. भरून घेतलेल्या त्या फॉर्मांनी यातलं काहीही अडवलं नाही, आणि अडवणं शक्यही नव्हतं. बाहेर पडायला वाट नसलेल्या इमारतीत जळून मरण्याला कुणीही संमती दिलेली नसते.

मग आपण नेमका कुठला धोका पत्करतो?

याचा अर्थ पार्कमध्ये काहीही झालं की भरपाई मिळणारच, असा नाही. इथं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा एक अमेरिकी निकाल अजूनही वाट दाखवतो.

न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवर ‘द फ्लॉपर’ नावाचा खेळ होता. चढावर सरकणारा एक पट्टा. त्यावर लोक उभे राहायचे, तोल जाऊन धपाधप पडायचे आणि बघणारे हसायचे. बाजूच्या भिंती आणि जमीन गादीनं मढवलेली. मर्फी नावाचा एक धडधाकट तरुण त्यावर चढला, पडला आणि त्याची गुडघ्याची वाटी मोडली. त्यानं दावा लावला. १९२९ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पडणं हाच तर खेळ होता, तो लपलेला नव्हता, इतर लोक पडताना तो पाहत होता, आणि दारावरचं नावच भित्र्यांना पुरेसा इशारा देत होतं, असं त्यांचं म्हणणं. ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसावं, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य कायद्याच्या वर्गांत आजही सांगितलं जातं.

पण त्या निकालाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आपल्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. कार्डोझो म्हणाले की धोका झाकलेला असता, सहज लक्षात न येणारा असता, किंवा इतका गंभीर असता की ‘याची काळजी कुणीतरी नक्की घेतली असणार’ असं कोणालाही वाटावं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

बम्पर कारमध्ये बसलात तर धक्के बसणार, मान थोडी अवघडणार. लाटांच्या तलावात नाकातोंडात पाणी जाणार. रोलर कोस्टरवर पोटात गोळा येणार, कदाचित ओकारीही होईल. हे सगळं उघड आहे आणि खेळाचाच भाग आहे. त्यासाठी कुणी आयोगात गेलं तर हाती काही लागणार नाही, आणि लागूही नये. पण पाळण्याचा दांडा तुटणं हा खेळाचा भाग नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात लंबकासारखा झुलणारा पाळणा ऐन झोक्यात मुख्य दांडा तुटून कोसळला. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून अधिक लोक जखमी झाले. त्या दांड्याची अवस्था बसणाऱ्याला दिसत नाही. तो फक्त एवढंच धरून चालतो की कुणीतरी तो तपासला असेल. कार्डोझो ज्या धोक्याला वगळत होते तो हाच.

यंत्रणा उत्तम असूनही माणसं ती निकामी करतात, याचं उदाहरण इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स पार्कात २ जून २०१५ रोजी घडलं. ‘स्मायलर’ रोलर कोस्टरच्या रुळावर एक रिकामी गाडी अडकली होती. संगणकानं ते बरोबर ओळखून मागची गाडी थांबवून ठेवली होती. तंत्रज्ञांना वाटलं संगणकच चुकतोय. त्यांनी संगणकानं दिलेला तो थांबा हातानं रद्द केला, आणि सोळा जणांनी भरलेली गाडी त्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कंपनीनं गुन्हा कबूल केला, २०१६ मध्ये तिला ५० लाख पौंडांचा दंड झाला. त्या राइडच्या रांगेत उंचीची, हृदयविकाराची, सुट्या वस्तूंची कितीही पाटी लावली असती तरी या अपघाताशी तिचा काही संबंध नव्हता. इशारा बसणाऱ्याच्या वागण्यासाठी असतो. देखभालीची जागा तो घेऊ शकत नाही.

अशा वेळी आणखी एक प्रश्न पडतो: दांडा का तुटला हे सामान्य माणसानं सिद्ध कसं करायचं? देखभालीची वही पार्ककडे, अभियंता पार्कचा, सीसीटीव्ही पार्कचा. इथं ‘घटना स्वतःच बोलते’ हे तत्त्व कामी येतं. दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घंटाघर मनोरा कोसळून माणसं दगावली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा, आणि त्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की असा मनोरा नीट राखला तर कोसळत नाही, त्यामुळे निष्काळजीपणा गृहीत धरता येतो, आणि तो नव्हता हे दाखवायची जबाबदारी मालकावर, म्हणजे महापालिकेवर येते. चालता पाळणाही नीट राखला तर तुटत नाही.

इशारा पुरेसा कधी म्हणायचा?

आता माहिती देणाऱ्या पाट्यांकडे येऊ. ‘पाटी होती’ एवढं म्हणून पार्कचं भागत नाही. ती योग्य ठिकाणी, योग्य वेळी, समजेल अशा भाषेत होती का, आणि तिची अंमलबजावणी कुणी करत होतं का, हे सगळं पाहिलं जातं.

वेळेबद्दल १९७१ चा एक इंग्लिश निकाल प्रसिद्ध आहे. पार्किंगच्या यंत्रातून तिकीट बाहेर आलं, आणि इजेची जबाबदारी नाकारणारी अट आतल्या एका खांबावर लिहिलेली होती. लॉर्ड डेनिंग यांनी सांगितलं की तिकीट हातात पडलं तेव्हाच करार पुरा झाला, त्यानंतर दिसणारी अट त्यात घुसवता येत नाही. आपल्याकडेही तिकीट खिडकीवर पैसे घेतल्यावर, ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी ओलांडून, शेवटच्या वळणावर जेव्हा कळतं की वजनाची मर्यादा आहे, तेव्हा त्या माहितीचा उपयोग किती?

पाटीच नसणं किती महाग पडू शकतं, ते फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत दिसलं. २४ मार्च २०२२ रोजी ‘फ्रीफॉल’ नावाच्या, ४३० फूट उंचीच्या मनोऱ्यावरून खाली येणाऱ्या राइडमधून १४ वर्षांचा एक मुलगा आसनातून निसटून पडला आणि गेला. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत एका माणसासाठी १३० किलोची मर्यादा लिहिलेली होती. मुलगा १७० किलोहून जास्त वजनाचा होता. प्रवेशद्वारावर वजनाची पाटी नव्हती, काट्यावर कुणाला उभं करत नव्हते. तपासात निघालं की त्याच्या आसनाचा सेन्सर हातानं बदलून ठेवला होता, त्यामुळे खांद्यावरचा दांडा पुरेसा खाली आलेला नसतानाही यंत्रणेनं सगळं ठीक असल्याचा दिवा दाखवला. तो मुलगा मोठ्या शरीरयष्टीचा म्हणून इतर राइडवर त्याला नाकारलं गेलं होतं, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. इथं कुणी नाकारलं नाही, म्हणून तो निर्धास्तपणे बसला. २०२३ मध्ये फ्लोरिडानं नवा कायदा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीनं उत्पादक कंपनीला त्याच्या आईवडिलांना ३१ कोटी डॉलर देण्यास सांगितलं. पुस्तिकेतला एक आकडा फाटकापर्यंत पोचला नाही, आणि त्यानं एक पोरगं गेलं. या प्रकरणानं मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं, कारण इथं कुणालाही काही शोधून काढायचं नव्हतं. माहिती छापलेली होती.

आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्यातही उत्पादनामुळे होणाऱ्या इजेचं वेगळं प्रकरण आहे, आणि पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हे त्यात दाव्याचं स्वतंत्र कारण मानलं आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न गो-कार्टमध्ये फार ठळकपणे दिसतो. गाडीच्या मागच्या बाजूला फिरता दांडा आणि साखळी उघडी असेल, तर लांब केस, ओढणी किंवा पदर त्यात ओढला जातो. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरमध्ये आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ अशाच पद्धतीनं केस अडकून तरुण स्त्रियांचा जीव गेला. ‘केस बांधा’ ही पाटी हवीच. पण गाडी सुरू करायची की नाही हे ठरवणारा माणूस तिथं उभा असतो. त्यानं केस नीट बांधलेत का हे पाहायचं, हेल्मेटचा पट्टा आवळायचा, ओढणी काढून ठेवायला लावायची, आणि मुळात तो दांडा झाकलेला असायला हवा. पाटीवर नियम लिहायचा आणि कर्मचाऱ्यानं रांग लवकर हलावी म्हणून तो रोज मोडू द्यायचा, तर तो नियम पार्कच्या बचावाला येत नाही. उलट धोका माहीत होता, तरी रोखला नाही, याचा तो पुरावा बनतो. उंचीच्या खुणेपेक्षा चार बोटं कमी असलेल्या मुलाला ‘जाऊ दे’ म्हणून सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दलही हेच.

भाषेबद्दल तर आपल्याकडे फारसं बोललंच जात नाही. लातूर-नांदेडहून सहलीला आलेल्या आजीला इंग्रजीतली बारीक अक्षरं वाचता आली नाहीत, तर तिला इशारा मिळाला असं म्हणता येणार नाही. मराठी आणि हिंदी पाट्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, ही सोय चांगल्या पार्कांत दिसते. चित्रांचे रंग जगभर साधारण सारखे असतात, आयएसओ ७०१० या मानकाप्रमाणे. लाल वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे मनाई. पिवळा त्रिकोण म्हणजे इथं धोका आहे. निळं भरीव वर्तुळ म्हणजे हे करायलाच हवं, जसं लाइफ जॅकेट. हिरवा चौकोन म्हणजे बाहेर पडायची वाट किंवा प्रथमोपचार. मुलांना हे चार रंग ओळखता येतात, रांगेत उभं असताना विचारून बघा.

चूक आपली असेल तर

पाटी वाचून, समजून आपण उलट वागलो, तर न्यायालय तेही पाहतं. पाठीचं ऑपरेशन झालेलं लपवून कुणी राइडवर बसला, जीवरक्षकानं शिट्टी मारूनही घसरगुंडीवरून डोकं पुढे करून उतरला, पट्टा सोडून सेल्फी काढायला उठला, तर इजेतला काही वाटा त्याच्या पदरात टाकला जाईल आणि भरपाई तेवढी कमी होईल. मोटार अपघातांच्या दाव्यांत दोन्ही चालकांची चूक टक्क्यांत वाटून घेतात, तसाच हा हिशेब. अपघाताचं एकमेव कारण त्याचं वागणं असेल, तर काहीच मिळणार नाही. पण पट्टाच सदोष होता आणि शिवाय तो उठलाही होता, अशा मिश्र प्रसंगात पार्क पूर्ण सुटत नाही.

मुलांना मात्र हा हिशेब तसाच लागत नाही. आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाच्या शहाणपणाची अपेक्षा कायदा करत नाही. चमकणारी, फिरणारी वस्तू मुलांना ओढून घेणारच, हे पार्कला माहीत असतं, किंबहुना त्यावरच त्याचा धंदा चालतो. शिवाय अठरा वर्षांखालील व्यक्तीनं केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे १९०३ पासून, मोहरीबीबी खटल्यापासून, भारतात पक्कं आहे. त्यामुळे कॉलेजात नुकत्याच गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची ‘मी जबाबदार’ ही सही कागदावरच राहते.

शाळेच्या सहलीचं संमतीपत्रही आईवडील याच भीतीनं भरतात. संमती म्हणजे ‘माझ्या मुलाला घेऊन जा’ एवढंच. ‘त्याच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल’ असा अर्थ त्यातून निघत नाही. १९९५ मध्ये पठाणकोटच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि १४ मुलं बुडाली. प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये कायम ठेवला. महाराष्ट्रातल्या एका शिक्षणसंस्थेच्या जलतरण तलावात पोहणं शिकायला आलेला मुलगा बुडाला, तेव्हा संस्थेनं प्रशिक्षक आपला नाहीच असा पवित्रा घेतला. राज्य आयोगानं संस्था आणि प्रशिक्षक दोघांनाही जबाबदार धरलं, आणि राष्ट्रीय आयोगानं ते कायम केलं.

गुन्हा आणि परवाना

भरपाई ही एक बाजू, फौजदारी गुन्हा ही दुसरी. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यंत्राच्या बाबतीत हयगय करण्याबद्दल कलम २८९ वेगळं आहे. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली, तेव्हा हीच कलमं लावली गेली. धोका ठाऊक असूनही चालू ठेवलं असं दिसलं तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं. गुन्हा हा सरकार आणि आरोपी यांच्यातला असतो, त्यामुळे तुम्ही कुठल्या कागदावर सही केली याचा तिथं काही उपयोग नसतो.

परवान्यांच्या बाबतीत परिस्थिती समाधानकारक नाही. राइडसाठी संपूर्ण देशाला लागू होणारा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे राइडच्या सुरक्षिततेचं मानक आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांना १९६० च्या नियमांखाली परवाना लागतो, त्यात जत्रा आणि तमाशेही येतात. अग्निसुरक्षेसाठी २००६ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. मोठी, कायमची पार्कं यात बऱ्यापैकी बांधलेली असतात. चार दिवसांच्या उरुसासाठी ट्रकमधून येऊन रात्रीत उभ्या राहणाऱ्या पाळण्याची तपासणी किती बारकाईनं होते, ही खरी काळजीची जागा आहे. परवान्याची आणि तपासणीची तारीख विचारायचा हक्क आपल्याला आहे, ग्रामपंचायतीलाही आहे, आणि पाळणा उभा राहण्याआधी तो वापरायला हवा.

अपघात झालाच तर

पहिले काही दिवस दवाखान्यात आणि धावपळीत जातात, आणि नेमके त्याच दिवसांत पुरावे नाहीसे होतात. राइड दुरुस्त होते, नवी पाटी लागते, चित्रीकरण पुसलं जातं. म्हणून बरोबरच्या कुणीतरी, जखमीला सोडून जो मोकळा असेल त्यानं, त्याच दिवशी राइडचे, आसनाचे, पट्ट्याचे आणि सगळ्या पाट्यांचे फोटो काढावेत. जिथं पाटी असायला हवी होती आणि नव्हती, त्या रिकाम्या जागेचेही. तिकीट, मनगटाचा पट्टा, सही केलेल्या फॉर्मची प्रत, लॉकरची पावती, काहीच फेकू नये. रांगेतल्या दोन-तीन अनोळखी माणसांचे नंबर घ्यावेत. दवाखान्यात अपघात कसा झाला ते केसपेपरवर नीट लिहून घ्यावं. ‘घरी पडला’ असं लिहायला कुणी सुचवलं तर ऐकू नये. पोलिसांत तक्रार द्यावी आणि प्रत घ्यावी.

पार्कचा माणूस गोड बोलून दवाखान्याचं बिल भरायला तयार होतो आणि एका कागदावर ‘माझी काही तक्रार नाही’ अशी सही मागतो. मदत घ्यायला हरकत नाही. सही मात्र त्या दिवशी करू नये.

ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते. खोपोलीजवळच्या पार्कात इजा झालेल्या नागपूरच्या कुटुंबाला रायगडला खेटे घालायची गरज नाही. कुठल्या आयोगाकडे जायचं हे २०१९ पासून भरपाईच्या मागणीवरून ठरत नाही, मोजलेल्या पैशांवरून ठरतं. तिकीट दीड हजाराचं असेल, तर मागणी कितीही लाखांची असली तरी जिल्हा आयोगच, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही नाही. फॉर्मवरची अटच रद्द करून हवी असेल, तर अनुचित कराराची तक्रार घेऊन राज्य आयोगाकडे जावं लागतं. वकील नेमलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

त्याआधी, शक्यतो दोन-तीन दिवसांतच, पार्कला एक पत्र पाठवावं: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक राइडचं सीसीटीव्ही चित्रीकरण, त्या दिवसाची तपासणीची नोंदवही आणि देखभालीच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आम्ही त्या मागणार आहोत. एका पानात मावतं. ईमेल करावा, रजिस्टर पोस्टानंही पाठवावं आणि पोच जपून ठेवावी. पुढे नोंदी ‘सापडल्या नाहीत’, तर त्या का सापडल्या नाहीत याचं उत्तर आयोगासमोर पार्कलाच द्यावं लागेल.